आधीं कोणतें काम?

कामें पुष्कळ, हात थोडे, आणि तेही वेतनावांचून राबणारे. अशा वेळीं आधीं काय हातीं घ्यावें, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीस किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनास नवा नाहीं. संगणकाच्या क्षेत्रांत तो कसा हाताळला गेला, याचें एक उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवितों.

'सिंकथिंग' ही आज्ञावली याकोब बोर्ग यांनीं इ. स. २०१३ मध्यें सुरू केली. तिचें मूळ लिखाण सर्वांस खुलें असून ठिकठिकाणचे स्वयंसेवक त्यांत भर घालितात. चौक येथें घरच्या संगणकावर लिहिलेला निबंध कर्जतला वडील भावाच्या संगणकावर जसाच्या तसा उमटावा, आणि त्याकरितां तो कोणा कंपनीच्या कोठारांत ठेवावा लागूं नये, एवढें तिचें काम.

मागण्या अर्थातच नाना प्रकारच्या येतात. म्हणून चालकांनीं आपलीं ध्येयें क्रमवार लिहून ठेविलीं आहेत. पहिलें, वापरणाराचें लिखाण नष्ट होऊं नये. दुसरें, परक्याचा हात त्यास लागूं नये. तिसरें, वापर सोपा असावा. त्यानंतर आपोआप चालणें, सर्व प्रकारच्या यंत्रांवर चालणें, सामान्य व्यक्तीच्या उपयोगी पडणें. आणि सर्वांत शेवटीं 'बाकी सर्व'. हें शेवटचें कलम आम्हांस विशेष आवडलें. किती जणांच्या हौसेच्या सूचना तेथें जाऊन बसल्या असतील!

या क्रमाची कसोटी अडचणीच्या वेळीं लागते. समजा, पावसांत चौकचें नेटवर्क गेलें, आणि त्याच निबंधांत बहिणीनें इकडे एक परिच्छेद घातला व भावानें तिकडे दुसरा. संपर्क जुळतांच खरा निबंध कोणता, हें यंत्रास कसें कळावें? नवा ठेवून जुना पुसणें सोपें व नीटनेटकें. परंतु सोपेपणा तिसरा, लिखाणाचें रक्षण पहिलें. म्हणून जुनी प्रत पुसली जात नाहीं. नांवांत तारीख व वेळ घालून ती शेजारीं ठेविली जाते. हा पसारा कोठून आला, म्हणून कोणी कुरकुरेल. आमच्या मतें तो सोसणेंच रास्त. दोन्ही परिच्छेद हातीं असले म्हणजे ते एकत्र करण्यास भावंडांस दहा मिनिटें पुरतात. मात्र पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, एका ठिकाणीं आपण होऊन पुसलेलें दुसऱ्या ठिकाणींही पुसलें जातें. परीक्षेच्या कामाची निराळी प्रत ठेवावीच.

तथापि क्रम लिहिल्यानें हात वाढत नाहींत. सिंकथिंगचें अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीनंतर बंद झालें. गूगलच्या दुकानांत तें ठेवणें जिकिरीचें झालें होतें, आणि त्याची नित्य निगा राखण्यास कोणी उरलें नव्हतें. सर्व यंत्रांवर चालणें हें ध्येय यादींत होतेंच; पण पगारी नोकरास हुकूम करतां येतो, स्वयंसेवकास नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील बुरूज बांधणारा आधीं बसून खर्चाचा अंदाज घेतो. येथें तो खर्च दुसऱ्याच्या विश्रांतीच्या घटकांचा असतो. मूळ लिखाण खुलें असल्यामुळें दुसऱ्यांनीं काढलेली निराळी आवृत्ति मात्र उपलब्ध होती, आणि वापरणारे तिच्याकडे वळले.