घरबसल्या विक्री, कशेळीतून : खर्च किती, हातात किती

ठाण्याहून खाडीपूल ओलांडून कशेळीत उतरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फर्निचरची दुकानं लागतात. आत वळलं की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, माणकोलीपर्यंत गोदामंच गोदामं. इथल्या सोसायट्यांत राहणाऱ्या कुणालाही वाटतं की माल तर दारातच आहे, मोबाइल हातात आहे, मग घरून ऑनलाइन विकायला काय अडचण? खर्चाचा हिशेब मांडण्याआधी या समजाचं बघू, कारण चुकीची खरेदी इथूनच सुरू होते.

गोदामं इथे आली ती जकातीमुळे. मुंबई-ठाण्याच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची. भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत ती नव्हती. व्यापाऱ्यांनी माल इथे उतरवला आणि लागेल तेवढाच आत नेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी जागा, महामार्ग आणि हमाल-टेम्पोवाले इथेच असल्यामुळे गोदामं वाढतच राहिली. पण त्यातला बहुतेक माल आधीच कुणाचा तरी असतो. तो फक्त ठेवलेला असतो, विकायला मांडलेला नसतो. भिवंडीच्या यंत्रमागावरचं कापडही बरंचसं ग्रे, म्हणजे रंगाई-छपाई न झालेलं; ते घेऊन घरच्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. साड्या, कुर्ती, चादरी घ्यायच्या तर कशेळीकरालाही उल्हासनगर, मुंबईचं मंगळदास मार्केट किंवा सुरतच्या घाऊक व्यापाऱ्याकडेच जावं लागतं. गोदामांच्या शेजारचा खरा फायदा दोन गोष्टींत आहे : कुरिअरची गाडी रोज दारावरून जाते, आणि फर्निचर प्रत्यक्ष बघून विकता येतं. फर्निचरकडे नंतर येतो.

सर्वांत कमी भांडवलाचा मार्ग म्हणजे फोटो पुढे पाठवून विकणं. २०१५ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या मीशोने हा प्रकार घराघरांत पोचवला. ॲपवरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा, ३८० ची वस्तू ४८० ला सांगायची, पार्सल विक्रेत्याकडून थेट गिऱ्हाइकाकडे जातं आणि वरचे १०० तुमचे. माल भरावा लागत नाही, पॅकिंग नाही. खर्च फक्त मोबाइलच्या रिचार्जचा आणि वेळेचा. मात्र जी वस्तू तुम्ही हातात घेतलेली नाही तिची हमी तुम्ही शेजारणीला, नणंदेला, मुलाच्या वर्गमित्राच्या आईला देत असता. म्हणून माझा आग्रह आहे की ज्या विक्रेत्याची वस्तू सुचवणार, ती एकदा स्वतःसाठी मागवा. साडी असेल तर पाण्यातून काढा. चारपाचशे रुपयांचा हा खर्च भांडवल म्हणूनच धरा. महिन्याला दहा-पंधरा वस्तू गेल्या तर हजार-दीड हजार सुटतात. घरखर्चाला हातभार म्हणून चांगलं, उपजीविका म्हणून अपुरं.

उपजीविका करायची तर माल स्वतः भरून एखाद्या प्लॅटफॉर्मवर विक्रेता व्हावं लागतं. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो तो एकाच ठिकाणी : ते गेलेल्या ऑर्डरवर नफा मोजतात, गिऱ्हाइकाकडे राहिलेल्या ऑर्डरवर नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या वस्तूचे घालून पुन्हा मांडा. कुर्ती कर धरून २४० रुपयांना घेतली, ४५० ला विकली. प्लॅटफॉर्मची फी आणि पोचवण्याचा खर्च मिळून ९०, पिशवी-लेबल-टेप ८. उरले ११२. महिन्याला १०० ऑर्डर, म्हणजे ११,२०० रुपये, असा हिशेब कागदावर होतो.

प्रत्यक्षात त्या शंभरांतली १२ पार्सलं दारातूनच परत येतात. कॅश ऑन डिलिव्हरीला हे होतंच. घरात पैसे नव्हते, फोन उचलला नाही, मन बदललं. आणखी १० जणी घेतात आणि साइज बसला नाही म्हणून परत पाठवतात. राहिल्या ७८. विक्री झाली ३५,१०० ची. त्यातून कुर्त्यांची किंमत १८,७२०, फी आणि डिलिव्हरी ७,०२०, शंभरही पार्सलांचं पॅकिंग ८००. गिऱ्हाइकाने परत केलेल्या दहांवर परतीचं भाडं दर नगामागे १५० धरलं तर १,५००. परत आलेल्या बावीस कुर्त्यांतल्या चार डागाळलेल्या, वापरलेल्या किंवा भलत्याच निघाल्या तर ९६०. एकूण खर्च २९,०००. हातात ६,१००. बाजारात जाण्यायेण्याचं भाडं आणि नेट-प्रिंटचे मिळून हजार वजा केले तर ५,१००. फोटो काढणं, माहिती भरणं, इस्त्री, पॅकिंग, तक्रारींना उत्तरं यात महिन्याचे ५० तास जाणारच. तासाला साधारण १०२ रुपये पडले.

हे वाचून निराश होऊ नका; यात वाढवता येण्यासारखं बरंच आहे. परतावा बावीसवरून बारावर आणला तर ऑर्डर न वाढवताही कमाई उडी घेते. त्यासाठी कुर्तीची छाती, कंबर, लांबी इंचांत टेपने मोजून लिहा, नुसतं एल-एक्सएल नको. फोटो दिवसा खिडकीपाशी काढा, रंग उजळवू नका. साइजची भानगड नसलेल्या वस्तू, जसं चादरी, साड्या, परकर-पीस, परत कमी येतात. माझं मत विचाराल तर सुरुवात कपड्यांतून करायची असेल तर साडीने करा, कुर्तीने नाही.

‘शून्य कमिशन’ हे शब्द नीट वाचा. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्य केलं, पण डिलिव्हरी, परतीचं भाडं आणि हवी असल्यास जाहिरात यांचे पैसे वेगळेच असतात. इतर प्लॅटफॉर्मवर कमिशन, ठरावीक फी आणि वजनानुसार भाडं अशी बेरीज असते. सगळे दर विक्रेत्याच्या पॅनलवर दिलेले असतात आणि ते बदलतात. नवी वस्तू टाकण्याआधी तिचा दर त्या दिवशी पाहा.

वजनातही एक मेख आहे. भाडं काट्यावरच्या वजनावर लागतं असं नाही. खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात आणि दोन्हींतलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं, ही सर्वसाधारण रीत. ४० गुणिले ३० गुणिले २० चं खोकं असेल तर ४.८ किलो, आत एक किलोची उशी का असेना. उशा, प्लास्टिकच्या टोपल्या, लॅम्पशेड यांत अनेकांचे पैसे असे जातात. वस्तूच्या मापाचंच खोकं घ्या.

भांडवल किती लागेल? महिन्याला शंभर ऑर्डर गाठायच्या तर २४,००० चा माल, शिवाय परतीच्या वाटेवर अडकलेला पाच-सव्वापाच हजारांचा. प्लॅटफॉर्मचे पैसे डिलिव्हरीनंतर काही दिवसांनी खात्यात येतात, तोवर पुढचा माल स्वतःच्या पैशांतून भरावा लागतो. म्हणजे ३०,००० रुपये फिरते हवेत. पहिल्या दिवशी ते घालू नका. वीस नग, पाच हजारांच्या आत, आणि काय विकलं जातं ते बघा. लेबलसाठी वेगळा प्रिंटर पहिल्या महिन्यात नको. साध्या कागदावर छापून चिकटवलेलं चालतं. पैसे घालायचे तर पाकिटं उघडतानाच्या व्हिडिओसाठी मोबाइलच्या स्टँडवर घाला. परत आलेलं प्रत्येक पाकीट ट्रॅकिंग नंबर दाखवत, न थांबवता चित्रित करत उघडा. चुकीची वस्तू परत आल्याचा दावा या पुराव्याशिवाय टिकत नाही. पार्सलं नेणाऱ्याकडून रोजच्या यादीवर सही किंवा स्कॅनची पावती घ्या. गाडीत चढलेलं पार्सल हरवलं तर तेवढाच आधार.

भिवंडीच्या बाजूला अधूनमधून ‘रिटर्नचा माल’ किलोवर किंवा बंद पेटीत विकायला येतो. त्यापासून लांब राहा. पेटी उघडून बघू देत नाहीत, पक्कं बिल मिळत नाही, आणि बिलाशिवायचा ब्रँडेड माल ऑनलाइन टाकला तर खातं बंद होऊ शकतं. माल बनावट निघाला तर ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. विकणाऱ्याने ‘फर्स्ट कॉपी’ म्हटल्याने तो गुन्हा लहान होत नाही.

आता फर्निचर. कशेळी-काल्हेरचा सोफा, पलंग, डायनिंग टेबल बघायला मुंबईपासून लोक येतात, आणि इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकून गिऱ्हाईक आणणारेही इथे वाढले आहेत. यात दोन पद्धती. एक, स्वतः घेऊन विकायचं. २८,००० चा सोफा ३१,००० ला गेला, तीन हजार सुटले असं वाटतं. पण समजा डोंबिवलीपर्यंत टेम्पो १,५००, चढवण्या-उतरवण्याची हमाली ६००, जोडणीच्या सुताराचे ४००, राहिले ५००. सोफा लिफ्टमध्ये मावला नाही तर जिन्याची हमाली मजल्यागणिक. गिऱ्हाइकाने रंग नापसंत केला तर टेम्पो दोन्ही वेळचा तुमच्या माथी. मेट्रो ५ च्या कामाने जुन्या आग्रा रोडवर गाडी अडकते आणि टेम्पोवाला थांबण्याचेही पैसे मागतो, तेही ठरवतानाच बोलून घ्या.

दुसरी पद्धत कमिशनची, आणि घरून काम करणाऱ्याला मी तीच सुचवीन. गिऱ्हाईक तुम्ही आणायचं, बिल दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या नावाने करायचं, पैसे थेट दुकानाच्या खात्यात, टेम्पो आणि हमाली दुकानाची. तुमचं कमिशन किती आणि कधी, हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं. ॲडव्हान्स स्वतःच्या खात्यात घेऊ नका. दुकानाने महिनाभर उशीर केला की गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहील. व्हिडिओत प्लायवूड आहे की पार्टिकल बोर्ड, फोमची घनता किती, फिटिंग धरून भाव की सोडून, आणि लाकडी फर्निचरवरचा १८ टक्के जीएसटी आत की बाहेर, हे स्वच्छ सांगा. हे सगळं स्वतः पाहून सांगता येतं, म्हणूनच तुमचं कशेळीत असणं गिऱ्हाइकाला मोलाचं वाटतं.

कागदपत्रांचा खर्च लोक भीतीपोटी जास्त करतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री फक्त महाराष्ट्रात करायची असेल, तर जीएसटी नोंदणीशिवायही प्लॅटफॉर्मवर माल विकता येतो. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, एवढंच. राज्याबाहेर विकायचं तर मात्र जीएसटी हवाच. त्याची सरकारी फी शून्य आहे. वीजबिल आणि घरमालकाचं संमतिपत्र जोडून घरचा पत्ता देता येतो. त्यानंतर विवरणपत्रं भरण्यासाठी हिशेबनीस लागतो, विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकवून चालत नाही, आणि महाराष्ट्रात नोंदणीबरोबर वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय करही येतो. हा कर बहुतेकांना कुणी सांगत नाही.

नोंदणी घेतल्याने कर भरमसाट वाढतो असंही नाही. वरच्याच उदाहरणात ७८ कुर्त्यांवर ५ टक्क्यांनी साधारण १,६७० रुपये जीएसटी होतो. पण खरेदीच्या बिलावर सुमारे ८९० आणि, ९० रुपयांत १८ टक्के कर धरलेला असेल तर, प्लॅटफॉर्मच्या बिलावर सुमारे १,०७० वजावट मिळते. भरायला काही उरत नाही. घाऊक दुकानदाराने पक्कं बिल दिलं नाही तर त्यातले ६०० खिशातून जातात, म्हणून ‘बिल नको, भाव कमी करतो’ याला भुलू नका.

उद्यम नोंदणीही फुकट आहे. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर भरू नका. खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआय नोंदणी लागते. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. स्वस्त आयात खेळणी घेताना हे आधी बघा. प्राप्तिकरात प्लॅटफॉर्म ०.१ टक्का टीडीएस कापतो, पण पॅन दिलेलं असेल आणि वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल तर व्यक्तीचा तोही कापला जात नाही.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. विक्रेता म्हणून घेण्यासाठी ‘अनामत’ मागणारा, घरबसल्या पॅकिंगचं काम देतो सांगून किटचे पैसे घेणारा, आणि जास्त पैसे पाठवल्याचा खोटा मेसेज दाखवून परत मागणारा, हे तीन जण ओळखून ठेवा. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन घालावा लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा. उशीर झाला की ते दुसऱ्या खात्यात सरकतात.

घरच्या दागिन्यांवर कर्ज काढून माल भरायचा विचार असेल तर आधी तीन महिन्यांची वही दाखवा, स्वतःला आणि घरच्यांना : किती गेले, किती परत आले, किती डागाळले, बँकेत प्रत्यक्ष किती जमा झाले. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि घरखर्चाचा रुपयाही त्यात मिसळू नका. तीनही महिने खात्यातली रक्कम वाढती असेल तर पुढच्या मालासाठी मुद्रा योजनेतल्या शिशू गटाचं, ५० हजारांपर्यंतचं कर्ज बँकेत मागता येतं, आणि त्याला तारण लागत नाही.