सामायिक बाजारपेठ आणि विजेची उपकरणे

विजेच्या इस्त्रीत दोष असला तरी तो डोळ्यांना दिसत नाही; झटका बसल्यावरच कळतो. म्हणून अशा वस्तूंच्या बाबतीत गिऱ्हाइकाला विश्वासावरच विसंबावे लागते. हा विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवावयाचा, या प्रश्नास युरोपातील राष्ट्रांनी दिलेले उत्तर जाणून घेण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते.

१९५७ च्या रोम कराराने सहा राष्ट्रांनी सामायिक बाजारपेठ स्थापिली व १९६८ त आपसांतील जकाती उठविल्या. तरीही प्रत्येक राष्ट्राचे सुरक्षिततेचे नियम निराळे असल्यामुळे माल सरहद्दीवर अडे. तेव्हा १९ फेब्रुवारी १९७३ रोजी एक समान निर्देश काढण्यात आला. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या ५० ते १००० व्होल्ट दाबावर चालणारी उपकरणे त्याच्या कक्षेत आली. माणसे, पाळीव जनावरे व मालमत्ता यांस धोका पोचू नये, विद्युत्‌रोधक आवरण पुरेसे असावे, घातक उष्णता वा ठिणगी उत्पन्न होऊ नये, एवढी मूलतत्त्वे त्यात सांगितली; बारीक तपशील मानकांवर सोपविला. ही तत्त्वे पाळणारा माल सुरक्षिततेच्या सबबीवर कोणीही अडवू नये, असे ठरले.

१९९७ पासून अशा वस्तूंवर 'सीई' हे चिन्ह सक्तीचे झाले. येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. हे चिन्ह म्हणजे सरकारी परीक्षेचे प्रशस्तिपत्र नव्हे. विद्युत्-दाबाच्या या निर्देशाखाली कारखानदार स्वतःच तपासणी करवितो, अनुरूपतेचे घोषणापत्र लिहून देतो व कागदपत्रे १० वर्षे जपून ठेवतो. माल धोकादायक आढळल्यास अधिकारी तो बाजारातून काढून घ्यावयास लावतात. याउलट आपल्याकडील आयएसआय चिन्ह भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्यावाचून लावता येत नाही.

२०१६ पासून लागू झालेल्या सुधारित निर्देशानुसार उत्पादकाचे, आणि माल बाहेरून आला असल्यास आयातदाराचेही, नाव व पत्ता देणे आवश्यक आहे. चमत्कार असा की, घरगुती प्लग व सॉकेट मात्र या निर्देशातून वगळलेले आहेत. त्यांचे नमुने आजही देशोदेशी भिन्न आहेत.

तेव्हा परदेशाहून आप्तांनी प्रेमाने आणलेले उपकरण वापरण्यापूर्वी त्यावरील व्होल्टचा आकडा, उत्पादकाचे नाव व पत्ता अवश्य पाहावा. प्लग जुळत नसेल, तर उघड्या तारा सॉकेटात खोचण्याचा मोह टाळून जाणत्या तारतंत्र्याकडून तो बदलून घ्यावा. चिन्ह हे उत्पादकाचे वचन आहे. घरातील सावधगिरीची जागा ते घेऊ शकत नाही.