घरच्या दुकानाचं नेटवर्क: प्रिंटर सगळ्यांना द्या, फोल्डर मोजून द्या

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकणारे बरेच जण घरातूनच सुरुवात करतात. समोरच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत टायपिंगचा दुसरा कॉम्प्युटर, वर माडीवर पोराचा लॅपटॉप. प्रिंटर एकच, तो काउंटरजवळ. मग दिवसभर एक पेन ड्राइव्ह या खोलीतून त्या खोलीत फिरतो. एरवी चालून जातं. पण पीक विम्याची किंवा स्कॉलरशिपची शेवटची तारीख जवळ आली की आर्वी असो, देवळी असो नाहीतर हिंगणघाट, दुकानापुढे रांग लागते. तेव्हा त्या पेन ड्राइव्हची एकेक फेरी तुमची दोन-तीन मिनिटं खाते आणि शेवटचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

कुठलं बटण कुठे आहे ते व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे त्यामागचं कारण लिहितो, कारण बटणं दरवर्षी जागा बदलतात. एक उदाहरण देतो. जुन्या व्हिडिओंमध्ये 'होमग्रुप' करायला सांगतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच ते विंडोज १० मधून काढून टाकलं. तुमच्या मशीनवर ते सापडत नसेल तर चूक तुमची नाही.

आधी वायरचं पाहू. इंटरनेटवाला भिंतीवर जो डबा लावून जातो त्याच्या मागे बहुतेक वेळा दोन किंवा चार लॅन पोर्ट असतात. जे मशीन जागचं हलत नाही त्याला वायर द्या आणि वायफाय मोबाइल-लॅपटॉपसाठी ठेवा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दीड-दोन फूट जाड भिंती वायफायला आवडत नाहीत, त्यातही पाच गिगाहर्ट्झवालं नेटवर्क तर एका भिंतीतच दम टाकतं. केबल कॅट ६ घ्या आणि ती शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. दोनदा वाकवली की ती आतून तुटते आणि दोष शोधण्यात दिवस जातो. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, घराला ती भरपूर झाली. पोर्ट कमी पडले तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच लावा. विजेच्या वायरच्या पट्टीतूनच लॅनची केबल नेऊ नका. आणि पावसाळ्यात वीज कडकडायला लागली की नुसता प्लग काढून भागत नाही, बाहेरून किंवा गच्चीवरून आलेली लॅनची केबलही उपसा. तांब्याच्या वायरमधून झटका थेट मदरबोर्डपर्यंत येतो.

आता प्रिंटर. दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "भाऊ, काल चालू होता, आज प्रिंट येऊनच नाही राहिली."

याचं कारण बहुधा पत्त्यात असतं. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला राउटर एक आकडी पत्ता देतो, म्हणजे १९२.१६८.१.५ असा काहीतरी. हा पत्ता भाड्याच्या खोलीसारखा असतो. लाईट गेली, राउटर बंद होऊन परत सुरू झाला, की तो नव्याने वाटप करू शकतो. काल प्रिंटर पाच नंबरला होता, आज तो नऊ नंबरला गेला. कॉम्प्युटर मात्र अजून पाच नंबरचंच दार वाजवतोय, आणि स्क्रीनवर 'ऑफलाइन' येतं. प्रिंटर चांगला, वायर चांगली, ड्रायव्हर चांगला, तरी लोक ड्रायव्हर काढून परत टाकत बसतात. त्याने तेवढ्यापुरतं चालूही होतं, म्हणून समज अजून पक्का होतो.

कायमचा इलाज राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाची जागा असते. प्रिंटरला तिथे एक पत्ता कायमचा बांधून द्या. त्यानंतर कॉम्प्युटरवर प्रिंटर टाकताना विंडोजला आपोआप शोधू देऊ नका. 'टीसीपी आयपी ॲड्रेस' हा पर्याय निवडून तोच पत्ता हाताने लिहा. आपोआप शोधलेला प्रिंटर बरेचदा 'डब्ल्यूएसडी' नावाच्या पोर्टवर बसतो, आणि माझ्या अनुभवात रुसवेफुगवे त्याचेच जास्त.

हे झालं लॅन किंवा वायफाय असलेल्या प्रिंटरचं. तुमचा प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर तो एका कॉम्प्युटरला जोडून त्यावरून शेअर करता येतो, पण तो कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवावा लागतो आणि झोपू द्यायचा नसतो. शिवाय सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर असे शेअर केलेले प्रिंटर जोडताना अनेकांना एक एरर यायला लागली, जिच्या शेवटी 'वन वन बी' असतं. त्यावर रजिस्ट्रीमध्ये एक शून्य टाकण्याचा उपाय सगळीकडे सांगतात, आणि त्याने प्रिंट येतेही. पण मायक्रोसॉफ्टने ते कुलूप मुद्दाम लावलं होतं, कारण विंडोजच्या प्रिंटिंगमध्येच त्या वर्षी गंभीर छिद्रं सापडली होती. शून्य टाकलं म्हणजे कुलूप काढून फेकलं. आधी दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करून पाहा. नवीन प्रिंटर घ्यायचाच असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी लॅनवाला घ्या. माझं तर स्पष्ट मत आहे की धंद्यासाठी नुसता यूएसबी प्रिंटर घेणं म्हणजे बचत नव्हे.

फोल्डर शेअरिंगकडे मात्र जरा थांबून पाहू, कारण खरी जोखीम इथे आहे. तुमच्या काउंटरवर लोक काय काय ठेवून जातात? आधार, सातबारा, पासबुक, जातीचा दाखला, पोरीची मार्कशीट. हे सगळं स्कॅन होऊन तुमच्या मशीनवर पडतं. आणि नेटवर्क 'चालत नाही' म्हणून वैतागलेला माणूस शेवटी काय करतो, तर पूर्ण डी ड्राइव्ह शेअर करतो, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देतो आणि पासवर्डचं शेअरिंग बंद करून टाकतो. मग सगळं झटक्यात चालू होतं. पण त्याच वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकालाही दिलेला असतो. म्हणजे बाकावर बसलेल्या कोणाच्याही मोबाइलमधून गावभराचे आधार उघडता येतात.

हे नीट करायला वीस मिनिटं लागतात. काउंटरच्या मशीनवर 'काम' नावाचा एकच फोल्डर बनवा आणि फक्त तोच शेअर करा. विंडोजमध्ये शेअरिंगसाठी एक वेगळं साधं खातं तयार करा, ॲडमिनचं नको, आणि त्याला पासवर्ड द्या. फोल्डरची परवानगी त्या खात्यालाच द्या. परवानगी दोन ठिकाणी असते, एक 'शेअरिंग'मध्ये आणि दुसरी 'सिक्युरिटी'मध्ये. दोन्हींपैकी जी कडक असते तीच लागू होते. एकीकडे दिलं आणि दुसरीकडे विसरलं की 'ॲक्सेस डिनाइड' येतं, आणि इथेच लोक कंटाळून 'एव्हरीवन' टाकतात. अजून एक अडचण नेहमी येते. दुसऱ्या मशीनवरून उघडताना चार आकडी पिन टाकून पाहतात आणि तो चालत नाही. पिन त्या एका मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो.

"एवढ्याशा दुकानाला कोण हॅक करतं?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. त्याला मी आपल्याच राज्यातलं एक उदाहरण देतो. २७ जून २०१७ ला उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम अडकलं. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालवलं जातं. कोणीही न्हावा शेवावर नेम धरलेला नव्हता. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सोडला गेला आणि तो नेटवर्कच्या वायरींवरून चालत चालत मर्स्कच्या जगभरच्या मशीनवर पोचला, त्यात आपलं बंदरही आलं. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. व्हायरस नाव-गाव विचारत नाही. दार उघडं दिसलं की आत येतो, एवढंच.

तो कोणत्या दारांनी फिरला, हे आपल्या कामाचं आहे. पहिलं दार म्हणजे एसएमबी व्हर्जन १, फाइल शेअरिंगची १९८० च्या दशकातली जुनी पद्धत. त्यातलं छिद्र बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं, मे महिन्यात त्याच छिद्रातून वॉनाक्राय येऊनही गेला होता. दुसरं दार पासवर्डचं. एका मशीनच्या मेमरीत सापडलेला ॲडमिनचा पासवर्ड तो दुसऱ्या मशीनवर वापरून पाहायचा. म्हणजे अपडेट असलेली मशीनही त्यात गेली. म्हणून दुकानातल्या सगळ्या मशीनना एकच ॲडमिन पासवर्ड ठेवू नका, आणि रोजचं काम ॲडमिन खात्यातून करू नका.

आता तुम्ही म्हणाल, एसएमबी व्हर्जन १ तर नवीन विंडोजमध्ये बंदच असतं. असतं खरं. पण आपल्या धंद्यात ते परत चालू होतं, आणि कसं ते ऐका. नवीन दुकानदार बहुतेक वेळा जुनी, सेकंडहँड फोटोकॉपी मशीन घेतो. ते बरोबरच आहे, भांडवल वाचतं. पण त्या मशीनचं स्कॅन थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये हवं असेल, तर अनेक जुन्या मॉडेलना फक्त व्हर्जन १ चीच भाषा येते. मग बसवायला आलेला मेकॅनिक 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एक खूण करतो, रीस्टार्ट करतो, स्कॅन येतं, तुम्ही खूश होऊन त्याला चहा पाजता. काय उघडलं ते तो सांगत नाही, बरेचदा त्यालाही ते माहीत नसतं.

तुमच्याकडे अशी मशीन असेल तर आजच 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून 'एसएमबी १.०' समोर खूण आहे का पाहा. असेल तर काढा, आणि स्कॅनसाठी दुसरी वाट धरा. मशीनला पेन ड्राइव्हवर स्कॅन करता येतं का, कंपनीचं नवं फर्मवेअर मिळतं का, हे तपासा. काहीच जमत नसेल तर एक साधा यूएसबी फ्लॅटबेड स्कॅनर वेगळा घ्या. नवी-जुनी मशीन विकत घेण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारा, "एसएमबी व्हर्जन २ किंवा ३ वर स्कॅन होतं का? करून दाखवा." तो टाळाटाळ करत असेल तर त्या हिशेबाने भाव पाडून मागा.

गिऱ्हाइकांसाठी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. त्यावरचा मोबाइल इंटरनेट वापरू शकतो, पण तुमचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर त्याला दिसत नाहीत. आपलं काम झाल्यावर गेस्टला जोडून, काउंटरचा कॉम्प्युटर किंवा प्रिंटर उघडतो का ते स्वतः तपासा, कारण काही स्वस्त राउटर हे वेगळेपण नावापुरतंच ठेवतात. राउटरच्या खाली चिकटवलेला मूळ ॲडमिन पासवर्डही बदला. घरातल्या पोराचा गेमवाला लॅपटॉपसुद्धा गेस्टवरच टाका. तो रुसेल, रुसू द्या.

गिऱ्हाइकाचे कागद रोज रात्री दुकान बंद करताना उडवा, आणि रिसायकल बिनही रिकामा करा. ज्यांचं काम अर्धवट आहे तेवढेच ठेवा. जिथे चालतं तिथे गिऱ्हाइकाला मास्क केलेलं आधार काढायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे, पण कायद्याच्याही आधी गावातली पत असते. एकाचा आधार तुमच्या दुकानातून बाहेर गेला अशी नुसती चर्चा झाली तरी धंदा बसतो.

शेवटचं काम बॅकअपचं. शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नाही. व्हायरस आला तर तो शेअर केलेल्या जागी सगळ्यात आधी पोचतो. तुमचे बिल, उधारीचा हिशेब, फॉर्मचे नमुने एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली ठेवली तर उपयोग नाही. मर्स्कच्या बाबतीत तर असं झालं की लॉगिन सांभाळणारे त्यांचे बाकी सगळे सर्व्हर पुसले गेले आणि त्यांची एकच चांगली प्रत उरली, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात. हल्ला झाला तेव्हा तिथे लाईट गेलेली होती, म्हणून तो सर्व्हर बंद होता आणि वाचला. आपल्याकडे लाईट रोज जाते, पण तिच्या भरवशावर राहू नका. रविवारी दुकान बंद झाल्यावर डिस्क जोडा, कॉपी करा, काढा. आणि कॉपी झालेली एक-दोन बिलं दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.