नदीची स्वतःची जमीन

नदी म्हणजे दोन कांठांमधून वाहणारें पाणी, असें आपण समजतों. परंतु हें अर्धेंच खरें आहे. कांठाबाहेरची सपाट भुईहि नदीचीच होय. तिला पूरमैदान म्हणतात. तें कसें होतें, हें कृष्णेच्या उदाहरणावरून पाहूं.

कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. कोयना तिला कऱ्हाडास, वारणा सांगलीजवळ हरिपुरास, व पंचगंगा नृसिंहवाडीस मिळते. सह्याद्रीच्या काळ्या खडकाची झिजलेली माती ह्या नद्या खालीं आणतात. उतारावर पाण्यास वेग असतो, म्हणून त्यास माती वाहून नेतां येते. सपाटीवर पूर कांठ ओलांडून पसरला, कीं वेग मोडतो व माती खालीं बसूं लागते. जड रेती कांठापाशींच बसते, म्हणून कांठ किंचित् उंच असतो. बारीक गाळ दूरवर जातो. शिवाय नदी वळणाच्या बाहेरच्या अंगाची दरड कापते व आंतल्या अंगास नवी मळी घालते. असे थरावर थर हजारों वर्षें चढून ही सुपीक जमीन झाली आहे.

आतां विचार करा. ज्या पुरानें ही जमीन केली, तो पुन्हां येणारच. सांगलीस आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानितात. २००५ सालीं पाणी तिच्यावर गेलें; २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्याहि वर चढलें. त्याच पुरांत ता. ८ रोजीं ब्रह्मनाळ येथें लोकांस नेणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. २०२१ सालीं पूर पुन्हां आला.

सखल जागा स्वस्त मिळते, म्हणून गरीब मनुष्य तेथें घर बांधितो. कोणी ओढा बुजवून भर घालितो. मग अडलेलें पाणी शेजाऱ्याच्या घरांत शिरतें.

यास्तव आम्हांस सांगावयाचें तें हें, कीं मळीवर शेत असावें, घर उंचावर असावें. बुडालेलें पीक पुढील हंगामीं पुन्हां पेरतां येतें. बुडालेलें माणूस परत येत नाहीं. जागा घेण्यापूर्वीं गांवच्या वृद्धांस पुराच्या खुणा विचाराव्या, आणि सरकारनें आंखलेल्या निळ्या व तांबड्या पूररेषा पाहाव्या. ज्यांचें घर आधींच सखल भागांत आहे, त्यांनीं इशारा होतांच, वाट कोरडी आहे तोंच, मुलेंबाळें व गुरें घेऊन निघावें.

प्रश्न : (१) कांठ मागील भुईपेक्षां उंच कां असतो? (२) आपल्या गांवीं पुराचें पाणी कोठपर्यंत आलें होतें?