गॅलिलिओ, रंगीत गोळे आणि कन्हेरीचा उन्हाळा

बारामतीच्या निवडणूक प्रचाराचा नारळ ज्या मारुतीपुढे फुटतो ना, ते कन्हेरी म्हणजे आमचं गाव. गेल्या वर्षी जानेवारीत तिथे आमच्या नवीन घराची वास्तुशांत झाली. पोरगा इंजिनिअरिंगला, मग भेटही तशीच 'टेक्निकल' पाहिजे, म्हणून वडापाववर दिवस काढून साठवलेल्या दीड हजारात मी पुण्याहून गॅलिलिओ थर्मामीटर नेला. उभी बंद काचेची नळी, आत पाण्यासारखा द्रव, त्यात पाच रंगीत काचेचे गोळे. प्रत्येक गोळ्याखाली पितळी बिल्ला आणि त्यावर आकडा : १८, २०, २२, २४, २६. त्या दुपारी २४ आणि २६ वर तरंगत होते, बाकीचे तीन तळाशी. म्हणजे तापमान २२ आणि २४ च्या मध्ये, साधारण २३. पाहुण्यांना समजावून सांगताना काय भाव खाल्ला म्हणता!

एप्रिलमध्ये आईचा फोन. "अरे, तुझे ते गोळे मेले का काय? महिना झाला, सगळे खाली पडलेत." मागून आप्पांचा आवाज, "त्याला विचार, शेडात परवा पिल्लं यायचीत, रात्री बल्ब किती ठेवायचे ते त्या नळीवर कळंल का?"

एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. आमची नळी २६ लाच हात टेकते! फ्लुइड मेकॅनिक्स पास झालेल्या माणसाने विकत घेताना बिल्ले वाचले नव्हते.

आता यातलं तत्त्व बघू, कारण निवड त्यावरच आहे. पुष्कळांना वाटतं की गोळ्यातला रंगीत द्रव तापमान मोजतो. तसं नाही. तो शोभेला आणि थोडा वजनाला. काम करतो तो बाहेरचा द्रव. तो बहुधा केरोसीनच्या जातीचा हायड्रोकार्बन असतो आणि एक अंश तापला की साधारण हजारात एक भाग फुगतो. फुगला की घनता कमी, घनता कमी की गोळ्याला वर ढकलणारं बल कमी (आपला आर्किमिडीज), आणि ज्याचं वजन त्या बलापेक्षा जास्त ठरतं तो गोळा खाली जातो. गोळा १० घन सेंटिमीटरचा आणि द्रवाची घनता ०.८ धरून गणित करा : २ अंशांच्या फरकाला बल बदलतं फक्त १६ मिलिग्रॅमएवढं. म्हणजे शेजारच्या दोन गोळ्यांच्या वजनात एवढाच फरक ठेवायचा! बिल्ले बारीक घासून वजन जुळवतात ते यासाठी. पाणी खोलीच्या तापमानाला याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकंच फुगतं, म्हणून नळीत साधं पाणी भरत नाहीत.

नावाबद्दल एक गंमत. गॅलिलिओने हे यंत्र केलंच नाही. त्याचा होता तो हवेवर चालणारा थर्मोस्कोप. तो १६४२ मध्ये वारला आणि हे गोळे १६५७ मध्ये फ्लॉरेन्सला सुरू झालेल्या अकादेमिया देल चिमेंतो या संस्थेतल्या मंडळींचे. १६६७ च्या त्यांच्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. व्हायवाला विचारलं तर सांगा.

तर घ्यायचाच असेल तर रंग नंतर बघा, आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा बिल्ला वाचा. १८ ते २६ हा पल्ला युरोपातल्या घरांना ठीक. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळिशी पार होते, पत्र्याच्या खोलीचं तर बोलायलाच नको. २ अंशांच्या टप्प्याने २० ते ४० पकडायचं तर ११ गोळे लागतात, नळी उंच होते आणि किंमतही चढते. शिवाय तो सुस्त असतो. एवढा द्रव खोलीच्या तापमानाला यायला बराच वेळ लागतो, म्हणून दुकानात एसीतून बाहेर आणून लगेच "बिघडलाय" म्हणू नका. आणि देवघरातल्या समईपासून, गॅसपासून लांब ठेवा. आतला द्रव पेट घेतो. खिडकीतलं ऊनही नको.

मी शेवटी काय केलं? लाकडी पट्टीवरचा, लाल स्पिरिटचा, ५० पर्यंत खुणा असलेला साधा थर्मामीटर दीडशे रुपयांत घेतला. दिसायला तोही वाईट नाही. घेताना लाल रेघ मध्येच तुटलेली नाही ना ते पाहिलं. घरी आल्यावर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घालून त्यात बुडवला, शून्यावर आला. (उकळत्या पाण्यात घालून तपासायला जाऊ नका, नळी फुटेल.) पारा मुद्दाम टाळला. शेडात फुटला तर गोळा कोण करणार?

आप्पांनी तो पिल्लांच्या उंचीला, भुश्शाच्या जरा वर टांगला. रात्री पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली होती. आप्पा म्हणाले, "गारठलीत." काटा बघितला तर २९. एक बल्ब वाढवला, तासाभराने ३३, आणि पिल्लं सगळीकडे पसरून टिपायला लागली. आप्पांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चहा टाकायला सांगितला.

गोळे शोकेसमध्येच आहेत. डिसेंबरात एकदा पहाटे साडेपाचला, मी पीएल मधल्या झोपेत असताना आईचा फोन आला.

"उठले रे! पाचही उठले!"