मत्स्यपेटीवरचे खाली-वर होणारे छत्र

मुंबई-ठाण्याकडच्या पुष्कळ घरांत गॅलरीच्या छताला कपडे वाळत घालण्याच्या दांड्या टांगलेल्या असतात. खुंटीची दोरी सोडली की दांडी खाली येते. कपडे टाकून दोरी ओढली की वर जाते. कोपरखैरण्याला लागून असलेल्या बोनकोड्यात आमच्या घरीही त्या आहेत. दोरी कप्पीवरून कशी वळते हे तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकता, आणि रोज आईला ती ओढताना पाहताही. या दांडीचाच उपयोग करून आपण आज माशांच्या पेटीवरचा दिवा खाली-वर करणार आहोत.

त्याची गरज का पडली ते आधी सांगतो. आमची काचेची पेटी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे १८२ लिटर पाणी. तिच्यावर दिव्याचे छत्र ठेवलेले असे. लाकडी चौकट, पत्रा आणि दिवे मिळून वजन ६ किलोग्रॅम. दर आठवड्याला पाणी बदलताना ते उचलून खाली ठेवावे लागे. एकदा पावसाळ्यात ओल्या हातांतून ते निसटले आणि कोपऱ्यावर आपटून तिरपे पाण्यात गेले. प्लग आधीच काढलेला होता, म्हणून माझा हात आणि मासे दोन्ही वाचले. प्लग काढलेला नसता तर काय झाले असते, हा विचार मला बरेच दिवस सोडीना.

आता हिशेब करू. छत्र ६० सेंटिमीटर उचलावयाचे आहे. ६ किलोग्रॅमचे वजन सुमारे ५९ न्यूटन. कार्य = बल × अंतर, म्हणजे ५९ × ०.६ = सुमारे ३५ ज्यूल. हे काम ३० सेकंदांत करावयाचे असेल, तर लागणारी शक्ती १.२ वॅटपेक्षा कमी! रात्री लावायचा लहानसा दिवाही कधी कधी याहून जास्त वीज घेतो.

मग खेळण्यातली मोटर चालेल का? नाही चालणार. शक्ती पुरेशी असली तरी ती मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि बोटाने धरली तर थांबते. आपल्याला हळू पण जोरकस फिरणे हवे. दोरी २ सेंटिमीटर त्रिज्येच्या रिळावर गुंडाळली, तर एका फेऱ्यात १२.६ सेंटिमीटर दोरी येईल. ६० सेंटिमीटरला पावणेपाच फेरे, ते ३० सेकंदांत. म्हणजे मिनिटाला सुमारे १० फेरे. आणि फिरविण्याचा जोर, म्हणजेच आघूर्ण, ६ किलोग्रॅम × २ सेंटिमीटर = १२. मोटरवर हा आकडा ‘किलोग्रॅम-सेंटिमीटर’ या एककात छापलेला असतो. १२ व्होल्टवर चालणारी, दंतचक्रे बसविलेली मोटर लॅमिंग्टन रोडवर मिळते. मळसूत्राने दंतचक्र फिरविणारी मिळाली तर तीच घ्या. मळसूत्र चक्राला फिरविते, पण बहुधा चक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज गेली तरी छत्र जागचे हलत नाही.

इथपर्यंत आल्यावर इमारतीतली लिफ्ट आठवा. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठे वजन, प्रतिभार, बांधलेला असतो. मोटरला पाळण्याचे पूर्ण वजन ओढावे लागत नाही. फक्त दोन्हींतला फरक आणि घर्षण. मीही प्रथम ५ किलोग्रॅमचा प्रतिभार योजला. मोटरच्या वाट्याला उरला १ किलोग्रॅम, म्हणजे १२ ऐवजी २ आघूर्ण. झकास!

पण जरा थांबून विचार करा. मोटरची दोरी तुटली तर? छत्र ६ चे, प्रतिभार ५ चा. छत्र खालीच येणार. जुन्या रेल्वेमार्गांवरच्या हाताच्या सिग्नलची रचना इथे फार शिकण्यासारखी आहे. केबिनमधून तार ओढली की हात झुके आणि गाडीला वाट मिळे. तार तुटली तर मात्र वजनामुळे हात आपोआप आडवा होई, म्हणजे ‘थांबा’ दाखवी. बिघाड होऊच नये अशी खटपट तर करायचीच, पण झाला तर वस्तू कोणत्या बाजूला जाईल हे आपण आधी ठरवायचे.

म्हणून प्रतिभार ५ ऐवजी ७ किलोग्रॅम करा! फरक तेवढाच, १ किलोग्रॅमचा, पण दिशा उलटी. आता मोटरचे काम छत्र उचलण्याचे नाही, प्रतिभार उचलण्याचे. प्रतिभार वर ओढला की छत्र स्वतःच्या वजनाने खाली येते; दोरी तुटली तर प्रतिभार खाली जातो आणि छत्र पाण्यापासून दूर, वर. त्याचे त्वरण किती? (७ − ६) ÷ (७ + ६) × ९.८ = सुमारे ०.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या तेराव्या हिश्शाइतके. ६० सेंटिमीटर जायला सव्वा सेकंद लागेल. शिक्षकांना वर्गात दोन असमान वजने आणि एक कप्पी घेऊन हे सहज दाखविता येईल.

प्रतिभार फुकट मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. छताला आता ६ नव्हे, १३ किलोग्रॅम लोंबकळणार. स्लॅबमध्ये प्रसरण-बोल्ट बसविण्याचे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. बोनकोड्याजवळ ठाण्याची खाडी आहे. दमट, खारट हवेत लोखंडी हूक गंजतात, म्हणून हूक आणि कप्प्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात.

प्रतिभार म्हणून ४ इंची पीव्हीसी नळीच्या सुमारे अर्धा मीटर तुकड्यात कोरडी वाळू भरली. वाळूची सोय अशी, की मूठभर कमी-जास्त करून वजन नेमके जुळविता येते. ही नळी भिंतीलगत, कोणी खालून जाणार नाही अशा जागी खाली-वर होऊ द्या.

माझ्या दोन फजित्याही सांगतो. पहिल्या रचनेत छत्राच्या दोन टोकांच्या दोऱ्या मी एकाच रिळावर वेगवेगळ्या गुंडाळल्या होत्या. एका दोरीचे वेढे शेजारीशेजारी बसले, दुसरीचे एकावर एक. दोरी ३ मिलिमीटर जाड. एक थर चढला की त्रिज्या तेवढी वाढते आणि प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ १.९ सेंटिमीटर दोरी जास्त येते. चार फेऱ्यांतच छत्र होडीसारखे कलले. आता दोन्ही दोऱ्या कप्प्यांवरून एका कडीला बांधल्या आहेत, कपड्यांच्या दांडीसारख्याच, आणि त्या कडीला प्रतिभार. मोटरची दोरी एकच, तीही कडीलाच.

दुसरी फजिती जास्त मजेदार. छत्र वर गेले, मोटर बंद करायचे विसरलो. रिळावरची दोरी संपली, रीळ फिरतच राहिले, दोरी उलट्या बाजूने गुंडाळू लागली आणि छत्र आपले आपणच खाली येऊ लागले! म्हणून वर आणि खाली, दोन्ही टोकांना छत्राने दाबला जाणारा एकेक लहान स्विच हवाच. स्विच दाबला की मोटरची वीज तुटते. त्याला समांतर एक डायोड योग्य दिशेने जोडला, तर उलट दिशेची वीज जाऊ शकते आणि मोटर परत फिरते. मोटरची दिशा बदलायला सहा पायांचा, मध्ये बंद होणारा स्विच घ्यावा.

विजेबाबत माझा हट्ट आहे: पाण्यावर २३० व्होल्ट नकोतच. दिवे १२ व्होल्टचे एलईडी घ्या आणि अडॅप्टर दूर भिंतीवर ठेवा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच असावा. वायर प्लगकडे नेताना प्लगच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशीच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

दिवा खाली-वर होऊ लागला की एक मोजमापही करता येते. अंतर दुप्पट केले की प्रकाश एक-चतुर्थांश होतो, असे तुम्ही शिकलात. पण ते दिवा बिंदूएवढा असेल तर. लांब नळीखाली, जवळच्या अंतरावर, तो सुमारे निम्माच होतो. मोबाइलच्या प्रकाशमापकाने अंधाऱ्या खोलीत, पेटीबाहेर, १५ आणि ३० सेंटिमीटरवर मोजून पाहा. पाण्यात शेवाळ फार माजले तर दिवा किती वर न्यायचा, याचा अंदाज यावरून येईल.

शेवटी कप्प्यांवरच्या दोऱ्यांचा प्रश्न. त्या तुटल्या तर प्रतिभार काही मदत करणार नाही. म्हणून छताच्या स्वतंत्र हुकांपासून छत्राच्या दोन टोकांना दोन साखळ्या बांधा. त्यांची लांबी अशी, की पूर्ण ताणल्या तरी छत्र पाण्याच्या १५ सेंटिमीटर वर राहील. एरवी त्या सैल लोंबत राहतात.

सारे जोडून झाल्यावर पेटी बाजूला सरकवा, खाली दोन गाद्या घाला आणि मोटरची दोरी मुद्दाम सोडा. छत्र वर गेले पाहिजे. मग छत्र निम्म्या उंचीवर आणून एका टोकाची दोरी सोडा. ते टोक साखळीवर अडकले पाहिजे. आमच्याकडे पहिल्या वेळी एक साखळी हातभर लांब निघाली आणि छत्राने गादीला टेकून दाखविले. तिच्या कड्या कमी करून पुन्हा सोडले, तेव्हा ते बरोबर १५ सेंटिमीटरवर थांबले. त्या संध्याकाळी पेटीत पाणी भरले.