चिंता आणि चिंतन : असन्निधानकाळातील मनाचा आचार

चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून सिद्ध झालेले आहेत. दोहोंतही मन एकाच विषयाकडे पुनःपुन्हा वळते. भेद एवढाच की, चिंतेत विषय मनाला ओढून नेतो आणि चिंतनात मन स्वतः विषय निवडते. परमार्गात स्मरणाला जे स्थान आहे, त्याचा विचार या भेदाच्या आधारे करावा, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याला काळजी ग्रासते त्याची श्रद्धा उणी, त्याचे आचरण कोठेतरी कमी पडले, असे उपदेशी कुटुंबांतून कित्येकदा बोलले जाते. परिणामी ज्याला झोप येत नाही, ज्याची छाती धडधडते, तो ते कोणाजवळ बोलतच नाही. दुःखावर अपराधाचे ओझे चढते. परंतु हे मत आपल्याच पूर्वेतिहासाला धरून नाही.

श्रीचक्रधर स्वामी इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे गेले. त्यानंतर आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, विरहाने व्याकुळ झाले. स्वामींच्या आज्ञेनुसार ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे त्या शतकाच्या नवव्या दशकात श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान अंतरले. भक्तपरिवारावर पुन्हा शोक ओढवला. ज्यांनी संपूर्ण मार्ग सांभाळला त्यांनाच जर विरह जाळत होता, तर सामान्य वासनिकाच्या व्याकुळतेला अश्रद्धा कोणत्या आधारे म्हणावे?

आता भटोबासांनी त्या व्याकुळतेचे काय केले ते पाहावे. परंपरा सांगते की, ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या स्थानी ते एकांतात स्वामींच्या लीळा आठवीत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि विचारले. आपण लीळांचे मनन करीत आहो, असे उत्तर मिळताच त्या लीळा आपणांस सांगाव्यात, अशी विनंती त्यांनी केली. भटोबासांनी सांगावे आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यावे, असे पुष्कळ दिवस चालले. ज्या लीळा भटोबासांच्या प्रत्यक्ष पाहण्यातील नव्हत्या, त्यांच्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडून साक्षी असलेल्यांना भेटले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ असा सिद्ध झाला. पुढे चौदाव्या शतकाच्या प्रारंभी खलजींच्या फौजांच्या धामधुमीत ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली. तेव्हा शिष्यपरिवाराने ज्याला जे स्मरत होते त्यावरून पाठ पुन्हा उभे केले.

या प्रसंगातून मनाचा आचार स्पष्ट होतो. भटोबासांनी शोक नाकारला नाही. त्यास क्रम दिला. जे मन विरहाभोवती घिरट्या घालीत होते, तेच एकेका लीळेवर स्थिर झाले. शिवाय त्यांना ऐकणारा भेटला. म्हाइंभटांनी शोक आवरा असे म्हटले नाही. त्यांनी विचारले, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ते बसून राहिले.

हा आचार आजच्या संसारात कसा लावावा? नाशिकचा गंगापूर रोड घ्या. शहराकडील टोकाला मराठा विद्या प्रसारक समाजाची महाविद्यालये आहेत. निफाड, दिंडोरी, चांदवडकडील मुले आसपास खोल्या घेऊन राहतात. आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकून गंगापूर धरणाच्या पुढे गेले की गिरणाऱ्याकडचे द्राक्षमळे लागतात. खोलीतल्या मुलाला निकालाची चिंता. मळ्यातल्या बापाला ऑक्टोबरच्या छाटणीपासून अवकाळी पावसाची चिंता, कारण पिकत्या घडांवर पाऊस पडला की मणी तडकतात आणि कर्ज मात्र तसेच उभे राहते. गंमत अशी की, दोघेही एकमेकांना चिंता नको म्हणून आपली चिंता लपवतात.

दोघांच्याही चिंतेत दोन भाग मिसळलेले असतात. एक भाग आज करावयाच्या कर्माचा : आजचे प्रकरण, आजची फवारणी, बँकेत जाऊन मुदतीविषयी बोलणे. दुसरा भाग अद्याप न घडलेल्या फळाचा. पहिला भाग कागदावर लिहून काढावा व त्यातील एक काम त्याच दिवशी करावे. दुसऱ्या भागाकडे मन वळेल तेव्हा त्याच्याशी झगडू नये. नियमाच्या वेळी नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा या क्रमाने स्मरणास बसावे. मन शंभर वेळा सुटले तर शंभर वेळा आणावे. ते सुटणे हा दोष नव्हे, आणणे हाच अभ्यास. स्मरणापूर्वी काही मिनिटे श्वास सावकाश, घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ देऊन चालवावा. त्याने हृदयाची धडधड मंदावते.

तथापि स्मरण हे औषधाच्या जागी योजू नये. झोप, भूक आणि कामातील लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ज्वरात औषध घेणारा साधक आचारभ्रष्ट ठरत नाही. मग येथेच संकोच का? चालू औषध वैद्याला न विचारता बंद करू नये. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

अखेरीस संत-महंतांस व कुटुंबातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. दंडवत घालून जो समोर बसतो, तो कधी कधी उपदेश मागण्यास आलेला नसतो, ऐकले जावे म्हणून आलेला असतो. त्याला प्रथम बोलू द्यावे. जगणे नकोसे झाले आहे काय, असे वाटले तर स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले, तर त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी उपचाराची सोय करावी. म्हाइंभटांनी विचारले म्हणून आपणांस लीळा लाभल्या. आपण विचारले तर एखाद्या घराला त्याचा मुलगा, एखाद्या मळ्याला त्याचा धनी लाभेल.

दंडवत प्रणाम.